थळझाडा, सर्व्हे नंबर आणि सातबारा : एका दप्तराच्या आराखड्याचा इतिहास

कोणतीही संस्था, मग ती राज्य असो, देवस्थान असो, सावकारी पेढी असो की सहकारी कारखाना, आपल्या व्यवहाराची नोंद ठेवू लागली, की लेखणी शाईत बुडविण्यापूर्वीच तिला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न म्हणजे नोंद नेमकी कशाची ठेवायची हा होय. कागद कोणता, वह्या किती, कारकून कोण, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी त्यानंतरचे आहेत. ज्या जगाची नोंद घ्यावयाची त्या जगातील कोणत्या गोष्टीला एक स्वतंत्र घटक मानायचे, त्या घटकाचे कोणते गुण टिपायचे आणि घटकाघटकांतील कोणते संबंध ग्राह्य धरायचे, यांचा निर्णय आधी व्हावा लागतो. आणि संगणकाच्या युगात या पूर्वविचारालाच डेटाबेसचा संकल्पनात्मक आराखडा म्हणतात. ही विद्या नवी आहे असा समज सर्वत्र आढळतो. परंतु महाराष्ट्रातील जमिनीचे दप्तर ज्याने डोळसपणे चाळले असेल त्याला हे मान्य करावे लागेल, की या विद्येची साधना आपल्या मुलुखात शतकानुशतके चालू होती, तिच्यात थोर बुद्धीची माणसे खपली, आणि तिच्यातील प्रत्येक निर्णयाने कोणाला तरी हक्काची जागा दिली व कोणाला तरी दप्तराबाहेर ठेवले.

मराठेशाहीतील गावाच्या दप्तरापासून आरंभ करणे उचित होईल. देशावरील गावात जमिनीची वाटणी थळांमध्ये झालेली असे. थळ म्हणजे एखाद्या मूळ कुटुंबाच्या वाट्याची जमीन, आणि ते ओळखले जाई त्या कुटुंबाच्याच नावाने. वंश वाढून भाऊबंदांच्या शाखा झाल्या तरी थळाचे नाव टिके; इतकेच नव्हे, तर वंश बुडून जमीन गतकुळी झाली आणि तिथे दुसराच कोणी नांगर धरू लागला, तरीही कागदावर ती त्या लोपलेल्या घराण्याच्या नावानेच ओळखली जाई. कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेल्या कागदांमध्ये थळझाडा हा कागद या थळांची यादी देई, आणि त्यांच्यावर नांदणारे मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत हक्काचे कसणारे कोण, उपरी म्हणजे तसा हक्क नसलेले कोण, पडीत किती, इनाम किती, हा तपशील त्यातून कळे. म्हणजे त्या व्यवस्थेत नोंदीचा मूळ घटक जमिनीचा मोजलेला तुकडा नव्हता. तो घटक म्हणजे कूळ आणि त्या कुळाचा भूमीशी असलेला पिढीजात संबंध. सरकारसाऱ्याची जबाबदारीही याच घटकाला चिकटलेली होती, त्यामुळे एका भावाला वसूल देता आला नाही, तर तो भार सामान्यतः त्याच्या भाऊबंदांवर येई. भूमीचे मापही या कल्पनेला अनुरूप होते. वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर अशी कोष्टके असली, तरी कित्येक गावांत बिघ्याचा विस्तार जमिनीच्या मगदुराप्रमाणे कमीजास्त असे, कारण दप्तराला जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा तिच्यावरील देण्याच्या वाट्याची चाड अधिक होती.

या गावदप्तराचे एक वैशिष्ट्य मला विशेष अभ्यसनीय वाटते. एकच वस्तुस्थिती तेथे दोन बाजूंनी लिहिली जाई. थळझाड्यात भूमीकडून माणसाकडे जाता येई, तर कुळघडणी या कुळवार कागदात माणसाकडून भूमीकडे व देण्याकडे जाता येई. हिशेबाच्या वह्यांतही हेच द्वैत होते : कीर्दीत दिवसामागून दिवस जसा व्यवहार घडेल तसा उतरवायचा, आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खाती वर्ग करायचा. घटना एकीकडे, घटनांतून सिद्ध झालेली स्थिती दुसरीकडे. आणि दोहोंची रुजुवात होऊन बेरीज जमल्याखेरीज हिशेब खरा धरायचा नाही, ही त्या कारकुनी विद्येची आधारशिला होती.

गावपातळीवरील ही शिस्त पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दप्तरात अधिक व्यापक रूपाने दिसते. दोनशेहून अधिक कारकून ज्या कचेरीत राबत, तिच्या चालते दप्तर आणि एक बेरीज दप्तर अशा दोन प्रमुख शाखा होत्या. चालते दप्तर फडणिसांच्या देखरेखीखाली असून चालू कारभाराचे हुकूम, सनदा, बेहडे आणि सरंजामाचे हिशेब तेथे सिद्ध होत. तर एक बेरीज दप्तरात सर्व खात्यांचे व परगण्यांचे हिशेब येऊन त्यांचे वर्गीकरण होई, राज्याच्या जमाखर्चाचा व शिलकेचा वार्षिक तर्जुमा तयार होई, आणि कोणत्या बाबीवर कोठे किती खर्च झाला हे चटकन सापडावे म्हणून विषयवार खतावण्या रचल्या जात. एकदा आलेली माहिती पुढे अनेक प्रश्नांना उत्तर देऊ शकेल अशा रीतीने मांडून ठेवण्याची ही दृष्टी होती. नाना फडणिसांच्या काळात ती परिपक्वतेस पोहोचली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ढासळली. कारण आराखडा कितीही उत्तम असला तरी रोजच्या रुजुवातीचा आग्रह धरणारा धनी नसेल, तर दप्तर हे केवळ रुमालांचे ढीग उरते.

१८१८ साली पेशवाई संपली. कंपनी सरकारचे अधिकारी एल्फिन्स्टन यांनी आरंभी जुनीच वहिवाट चालविण्याचे धोरण स्वीकारले, परंतु गावागणिक निराळी मापे, निराळे रिवाज आणि कुलकर्ण्याच्या आधीन असलेले कागद यांवर दूरच्या सरकारचा महसूल फार काळ चालणे शक्य नव्हते. म्हणून १८२७ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दख्खनच्या मोजणीचे काम आले. इंग्लंडमधील हेलिबरीच्या विद्यालयात अर्थशास्त्र शिकून आलेल्या प्रिंगल यांनी ठरविले, की शेतीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याच्या प्रमाणात सारा आकारावा. तत्त्व म्हणून ही कल्पना निर्दोष होती. पण शेताशेताचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे, तर पीक किती, बी किती, बैलांची वैरण किती, मजुरी किती, अशा असंख्य गोष्टी विचारून लिहाव्या लागत. त्यांतील फारच थोड्या कोणाला प्रत्यक्ष पाहून पडताळता येत. ज्यांच्याकडून ही माहिती गोळा व्हायची त्या हाताखालच्या अंमलदारांत चुका व लाचलुचपत बोकाळली, आकार अवाच्या सवा बसला, जमिनी ओस पडल्या आणि शेतकरी गाव सोडून गेले. अखेर ती सारी योजना गुंडाळावी लागली. जो गुण पाहता व पडताळता येत नाही त्याच्या पायावर दप्तर उभारू नये, हा धडा दख्खनच्या रयतेला फार मोठी किंमत देऊन सरकारच्या पदरात पडला.

तो धडा ज्यांनी मनापासून घेतला ते दोन ब्रिटिश अधिकारी म्हणजे गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात त्यांनी नवी पाहणी हाती घेतली, आणि तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात आपले सहकारी डेव्हिडसन यांच्यासह शब्दबद्ध केली. निव्वळ उत्पन्नाचा हव्यास त्यांनी टाकून दिला. त्याऐवजी प्रत्येक शेतात खणून मातीची खोली पाहायची. पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत खोलीच्या पायऱ्या. मातीचा रंग व पोत पाहून तिची तीन श्रेणींत वाटणी. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाण्याने वाहून जाण्याचा किंवा पाणी साचून राहण्याचा धोका, यांसारखा प्रत्येक दोष आढळला की एक वर्ग खाली. आणि अशा नऊ वर्गांना सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत मोल, अशी त्यांची रीत होती. मोजणीदाराच्या पाठोपाठ दुसरा अधिकारी त्याच शेतात जाऊन तेच खोदून पाहू शके आणि दोघांची उत्तरे ताडून पाहता येत. ठरलेला आकार तीस वर्षे बदलायचा नाही, ही हमी त्यावर होती.

परंतु त्यांच्या कार्यातील सर्वांत दूरगामी निर्णय निराळाच होता. त्यांनी नोंदीचा मूळ घटकच बदलला. साधारणतः एका बैलजोडीला कसता येईल एवढा, हद्दीच्या खुणांनी बांधलेला आणि एकर-गुंठ्यांत मोजलेला भूमीचा तुकडा म्हणजे सर्व्हे नंबर, आणि हा नंबर त्या गावाच्या दप्तरातील स्थिर घटक ठरला. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तो एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप प्रत्येक गावी एकच झाले. धनी मरो, वंश वाढो, वाटण्या होवोत, नंबर आपल्या जागी राही, त्याचा आकार त्याच्याच शिरावर असे, आणि सरकारदरबारी त्याचा एक खातेदार असे. भाऊबंदांच्या सामायिक जबाबदारीचे ओझे यामुळे कमी झाले आणि ज्याचा सारा त्याच्यापुरता झाला, हा रयतेला मोठाच दिलासा होता. मात्र ज्या नात्यांच्या जाळ्यात थळ गुंफलेले होते ते जाळे नव्या दप्तराला दिसेनासे झाले. सरकारला पाहिजे होता सारा भरणारा एक इसम. त्या इसमामागे हिस्सेदार किती, कसणारा कोण, गहाण कोणाकडे, हे विचारण्याचे सरकारला कारण नव्हते आणि म्हणून त्या गोष्टींना आराखड्यात घरच नव्हते.

या उणिवेचे परिणाम पुढील पिढीने भोगले. खाते कुणब्याच्या नावावर, सारा त्याच्या नावाने, पण पीक सावकाराच्या कोठारात, अशी स्थिती दख्खनच्या पुष्कळ गावांत निर्माण झाली. आणि तिचा मुख्य लेखी पुरावा सावकाराच्याच घरातील कर्जरोख्यांत व वह्यांत बंदिस्त होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख हे रोखे व खतपत्रे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्या उद्रेकाची कारणे अनेक आहेत, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यांतूनच जन्मला. तथापि दप्तराचा अभ्यास करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : जो संबंध सार्वजनिक दप्तरात लिहिला जात नाही तो नाहीसा होत नाही, तो बलवानाच्या खासगी वहीत जाऊन बसतो.

आराखड्यातील हे रिकामे घर भरण्यास आणखी सुमारे तीन दशके लागली. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. १९१३ साली तिचा समावेश जमीन महसूल संहितेतच करण्यात आला. जमिनीत ज्याला ज्याला कोणताही हक्क पोचतो, मग तो मालकीचा, गहाणाचा, कुळवहिवाटीचा किंवा वाटेचा असो, त्या प्रत्येकाची नोंद गावदप्तरात करण्याचे हे ब्रीद होते. पुढे एफ. जी. हार्टनेल अँडरसन यांच्या महसुली हिशेबपुस्तिकेने गावच्या साऱ्या कागदांना क्रमांकित नमुन्यांचे रूप दिले. त्यांतील काही नमुन्यांची परस्परसंगती पाहण्यासारखी आहे. नमुना १ म्हणजे आकारबंद. तो नंबर, क्षेत्र आणि आकार सांगतो. नमुना ६ म्हणजे फेरफार पत्रक; खरेदी, वारसा, वाटणी, गहाण, जे जे घडेल ते क्रमवार तेथे उतरते. नमुना ७ नंबरवार हक्क दाखवितो, नमुना १२ त्याच नंबरातील पिके दाखवितो, आणि हे दोन एकाच कागदावर आले तेव्हा सातबारा सिद्ध झाला. नमुना ८अ मात्र खातेदारवार आहे : एका माणसाच्या नावे गावात कोणकोणते नंबर आहेत ते त्यावरून कळते. ज्याने मराठेशाहीचे कागद पाहिले आहेत त्याला येथे ओळखीची रचना भेटते. फेरफाराच्या व सातबाऱ्याच्या नात्यात कीर्दीचे व खतावणीचे नाते आहे, आणि सातबारा व आठ-अ यांच्या जोडीत थळझाडा व कुळघडणी यांची जोडी आहे. मूळ घटक बदलला, पण घटना व स्थिती वेगळ्या ठेवून त्यांची रुजुवात घेण्याची विद्या टिकली.

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळी तलाठ्याच्या रोजच्या रिवाजात या विद्येचे सौंदर्य अधिक उघड होई. जुन्या मालकाचे नाव तो खोडत नसे. त्या नावाला कंस करी, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिही. त्यामुळे त्या वेळचा धनी कोण हे तर कळेच, परंतु तो कोणत्या घटनेने धनी झाला, हेही त्या क्रमांकाचा माग काढीत मागे मागे जाऊन कळे. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या वहीत चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. अशी नोंद विरुद्ध पुरावा सिद्ध होईपर्यंत कायदा खरी मानतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आणि १९७१ च्या नियमांनी हीच चौकट पुढे चालविली.

इतर हक्कांचा रकाना हा या चौकटीचा सर्वांत माणुसकीचा भाग होय. १९४८ च्या कूळकायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी, जेव्हा कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याचे पाऊल राज्याने उचलले, तेव्हा ज्या कुळाचे नाव त्या रकान्यात किंवा पीकपाहणीत होते त्याचा मार्ग सुकर झाला. ज्याचे नव्हते त्याला वर्षानुवर्षे साक्षी-पुरावे देत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. कसणाऱ्या स्त्रीची गोष्टही अशीच आहे. तिचे श्रम शेतात सर्वांना दिसत होते, पण खातेदाराच्या रकान्यात तिचे नाव क्वचितच येई. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे आवाहन गावोगाव केले, तेव्हा तिच्या नेत्यांना हे पुरते उमगले होते, की दप्तरातील एक नाव म्हणजे संसारातील एक अधिकार आहे.

आराखड्याची हीच विद्या संगणकाच्या जगात कशी घडली हे पाहण्यासाठी आता समुद्रापलीकडे दृष्टी टाकू. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मोठे कारखाने व कचेऱ्या आपली दप्तरे संगणकावर चढवू लागल्या, तेव्हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन यांनी नोंदींना परस्परांशी साखळीने जोडणारी एक व्यवस्था निर्माण केली. ती उपयुक्त होती, पण माहिती हवी असेल तर साखळीच्या कड्या धरीतच प्रवास करावा लागे. १९७० साली आयबीएमचे शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी एका निबंधात सुचविले, की माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, एकच वस्तुस्थिती अकारण अनेक ठिकाणी लिहू नये, आणि ती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर लादू नये. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील एका मानक समितीने याच विचाराला तीन स्तरांचे रूप दिले : वापरणाऱ्याला दिसणारा बाह्य स्तर, यंत्रातील साठवणीचा आंतरिक स्तर, आणि दोहोंच्या मध्ये संपूर्ण संस्थेचे एकच सुसंगत चित्र देणारा संकल्पनात्मक स्तर. या मधल्या स्तराची रेखाटनविद्या १९७६ साली पीटर चेन यांनी दिली. जगाकडे घटक आणि संबंध या दोन दृष्टींनी पाहावे आणि दोहोंनाही आपापले गुण असू शकतात हे ध्यानी ठेवावे, हे तिचे सार होय.

चेन यांच्या या दृष्टीने सातबाऱ्याकडे पाहिले म्हणजे त्याची रचना लख्ख उजळते. एका नंबराचे अनेक हिस्सेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक नंबर असतात. मग चार आण्यांचा हिस्सा हा गुण कोणाचा? तो माणसाचा नव्हे, कारण दुसऱ्या नंबरात त्याच माणसाचा हिस्सा आठ आणे असेल. तो भूमीचाही नव्हे, कारण त्याच भूमीत त्याच्या भावाचा हिस्सा निराळा असेल. तो त्या दोघांमधील संबंधाचा गुण आहे. १८४७ च्या आराखड्याने नंबराला आणि खातेदाराला जागा दिली, पण संबंधाला स्वतंत्र अस्तित्व दिले नाही. १९०३ च्या कायद्याने ते दिले, आणि म्हणूनच त्यानंतर हिस्सा, गहाण, कूळ आणि बोजा यांना बसण्यास जागा मिळाली.

अलीकडच्या काळात हे दप्तर संगणकावर आले. हस्तलिखित सातबारे टंकित होताना नावे, क्षेत्रे आणि हिस्से यांत तफावती आढळल्या. त्यांतील काही टंकनाच्या होत्या, परंतु कित्येक अशा होत्या की ज्या कागदावर पिढ्यान् पिढ्या दडून बसल्या होत्या, कारण हाताने लिहिलेला रकाना अपूर्ण बेरीजही निमूटपणे सोसतो आणि यंत्र ती सोसत नाही. त्यांच्या निरसनासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले : संगणकावरील सातबारा ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्यानेच तो तपासायचा. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. या सोयीचे मोल मोठे आहे; पण माझ्या मते तिला विश्वासार्हता आली ती चावडीवरील वाचनाने, कारण नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला ती ऐकवून कबूल करून घेणे हीच कोणत्याही दप्तराची अंतिम रुजुवात होय.

आज एखादे रुग्णालय, विद्यापीठ किंवा दूधसंघ आपला डेटाबेस योजावयास बसतो, तेव्हा यंत्र कोणते व प्रणाली कोणाची यांच्या चर्चेत पहिल्या काही बैठका सरतात, आणि मूळ घटक कोणता, त्याचे पाहता येण्याजोगे गुण कोणते, घटना व स्थिती वेगळ्या कशा ठेवायच्या, आणि कोणाच्या संबंधाला या आराखड्यात घर नाही, हे चार प्रश्न घाईत उरकले जातात. दख्खनच्या दप्तराचा इतिहास सांगतो, की हे प्रश्न कचेरीत बसून सुटत नाहीत. प्रिंगल यांनी आपला पाया सिद्धांतातून घेतला आणि गावे ओस पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतात खणून पाहिले, आणि तरीही ज्यांना त्यांनी काही विचारले नाही ते कसणारे व हिस्सेदार अर्धशतकाहून अधिक काळ दप्तराबाहेर राहिले. म्हणून आराखडा आखणाऱ्याने संस्थेच्या प्रमुखाबरोबरच तिच्या शेवटच्या पायरीवरील माणसालाही भेटावे, त्याच्या कामाचे घटक त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि आखणी पुरी झाली की ती त्याला वाचून दाखवावी. एकदा पक्का झालेला आराखडा पुढे पिढ्यान् पिढ्या टिकतो, आणि त्यात ज्याला रकाना मिळाला नाही त्याला तो मिळवून देण्यासाठी कायदे करावे लागतात, चळवळी कराव्या लागतात. तो रकाना पहिल्याच दिवशी आखून ठेवणे हे आखणाऱ्याचे कर्तव्य आहे.